साथीदाराची तबकडी

गौरी-गणपतीच्या दिवसांत दापोली तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून रात्री जाखडी रंगते. मधोमध शाहीर बसतो, त्याच्या जवळ मृदंग आणि झांज, आणि भोवती पायात घुंगरू बांधलेल्या गड्यांचा फेर. मुंबईत चाकरीला गेलेल्या आणि कानात बाळी घालणाऱ्या कोकणी माणसावरून याला ‘बाल्या नाच’ हे नाव पडले असे सांगतात. शक्तिवाले आणि तुरेवाले यांची सवाल-जबाबाची झुंज लागली, तर पहाट कधी झाली तेही कळत नाही. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, एसटीच्या थांब्यावर त्याच रात्रीची चर्चा असते. शाहिराने सवाल कसा टाकला, समोरच्याला पुराणातला दाखला कसा सापडला नाही, कोणत्या वाडीची पोरे दमली नाहीत, हे सगळे बोलले जाते. मृदंगवाल्याची आठवण निघाली तर दोन शब्दांत निघते: बरा वाजवला.

खरे तर रात्रभर सगळ्यांना त्यानेच उभे ठेवलेले असते. शाहिराचा श्वास कुठे तुटणार आहे, फेरातला म्हातारा गडी कुठे मागे पडतो आहे, चाल कधी चढवायची आणि कधी आवरायची, हे त्याच्या दोन हातांना ठाऊक असते. पण त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पाहिले तरी स्वतंत्रपणे ऐकत नाही. हा काही कोकणी माणसाचा करंटेपणा नव्हे. जगात जिथे जिथे चार जण मिळून गातात-वाजवतात, तिथे असा एक माणूस असतो आणि त्याची हीच गत असते.

असा माणूस एके दिवशी म्हणाला की, ‘आज मी एकटाच,’ तर त्याचे चाहते काय म्हणतात? या प्रश्नाचे एक नमुनेदार उत्तर दापोलीपासून फार दूर, लंडनच्या एका रॉक बँडच्या इतिहासात मिळते. ते आपल्या संगीताच्या अनुभवाशी इतके जुळते की, ज्यांनी आयुष्यात रॉक ऐकले नाही त्यांनीही ते समजून घ्यावे.

पाण्याबाहेरचा मासा

१९६८ मध्ये लंडनमध्ये ‘येस’ नावाचा बँड उभा राहिला. गायक जॉन अँडरसन आणि बेस गिटार वाजवणारा ख्रिस स्क्वायर हे त्याचे मूळ पुरुष. तीन मिनिटांच्या प्रेमगीताला कंटाळलेल्या तरुणांचा तो काळ होता. वीस-वीस मिनिटांच्या रचना, मध्येच बदलणारे ताल, चर्चमधल्या ऑर्गनचा भारदस्त आवाज, अशी सगळी ऐसपैस मांडणी असलेल्या या प्रकाराला ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात.

बेस गिटार म्हणजे चार जाड तारांचे गिटार. त्याची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. एवढा खोल स्वर कानापेक्षा छातीला आधी कळतो. आपल्याकडे तंबोऱ्याचा खर्ज किंवा तबल्याचा डग्गा जे करतो, जवळपास तेच त्याचे काम: खाली जमीन धरून ठेवायची. गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात मागे उभा राहून संथपणे मान डोलावणारा जो वादक असतो, तो हाच.

स्क्वायरने ही जमीन सोडली नाही, पण तिच्यावर झाडे लावली. ‘रिकनबॅकर’ बनावटीचे त्याचे वाद्य तो नखीने छेडत असे. खोल स्वर एका ॲम्प्लिफायरला आणि तीव्र स्वर दुसऱ्याला, अशी वेगळी जोडणी त्याने केली होती. त्यामुळे त्याचा बेस मागे घुमत राहत नसे. तो गायकाशी बोलत असे, कधी त्याच्याशी वादही घालत असे.

१९७५च्या सुमारास ‘येस’च्या पाचही जणांनी ठरवले की, आता प्रत्येकाने आपापली एक तबकडी काढायची. स्क्वायरची तबकडी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली. नाव ‘फिश आउट ऑफ वॉटर’, म्हणजे पाण्याबाहेरचा मासा. तासन्‌तास अंघोळ करण्याच्या सवयीमुळे मित्र त्याला ‘फिश’ म्हणत. त्या टोपणनावावरची ही कोटी. हर्णैच्या बंदरावर रोज मासळीचा लिलाव पाहणाऱ्यांना पाण्याबाहेर आलेल्या माशाचे काय होते ते सांगायला नको. स्क्वायरच्या थट्टेमागेही ती धाकधूक असावी असे वाटते.

तबकडीवर पाच रचना. सगळ्या गाण्यांत मुख्य आवाज स्क्वायरचाच. लहानपणी तो चर्चच्या गायकवृंदात गात असे, त्याचा उपयोग इथे झाला. इलेक्ट्रिक गिटार जवळपास नाहीच. त्याची जागा बेसने घेतली. पहिल्या गाण्यात लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा प्रचंड ऑर्गन आहे. तो बॅरी रोझ यांनी वाजवला. वाद्यवृंदाची बांधणी जुना मित्र अँड्र्यू जॅकमन याची, आणि ड्रमवर ‘येस’चाच एके काळचा सहकारी बिल ब्रुफर्ड. ‘लकी सेव्हन’ नावाच्या रचनेचा डोलारा सात मात्रांवर उभा आहे. रूपकाची सवय असलेल्या कानाला ती पहिल्या ऐकण्यातच आपलीशी वाटते. शेवटची रचना सुमारे १५ मिनिटांची आहे. ब्रिटनमधल्या विक्रीच्या यादीत ही तबकडी २५व्या क्रमांकापर्यंत गेली, अमेरिकेत ६९व्या. म्हणजे अपयश नव्हे, पण गाजावाजाही नव्हे.

चाहत्यांची तीन मते

पुढची पन्नासेक वर्षे चाहते या तबकडीविषयी बोलत राहिले आहेत. त्यांच्या बोलण्याचा सारांश काढला तर तीन मते दिसतात.

पहिले मत सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत उदार: पाच जणांच्या पाच तबकड्यांत हीच उत्तम, कारण ती ‘येस’ची तबकडी वाटते. दुसरे मत नेमके उलटे: ‘येस’सारखीच वाटते तर वेगळी कशाला काढली? शेवटचा वाद्यवृंद लांबतो, गळा चांगला आहे पण अँडरसनची सर नाही, आणि बेसवाल्याच्या तबकडीत बेस अजून हवा होता. तिसरे मत थोड्यांचे आहे. ते म्हणतात, ही तबकडी ऐकल्यावर आम्ही ‘येस’च्या जुन्या तबकड्या पुन्हा काढल्या, आणि तेव्हा कळले की, ज्याला आम्ही बँडचा आवाज म्हणत होतो त्यातला निम्मा या माणसाचा होता.

पहिली दोन मते वरवर परस्परविरोधी दिसतात. पण दोघांच्या हातातली फूटपट्टी एकच आहे. ‘येस’शी किती जुळते, हेच दोघे मोजतात. एकाला जुळल्याचा आनंद, दुसऱ्याला जुळल्याची तक्रार. दोघेही गैरहजर असलेल्या मुख्य कलाकाराला शोधत असतात. समोर बसलेल्या साथीदाराला ऐकतो तो तिसराच.

पेटी ‘गाते’ तेव्हा

हे आपल्याला नवीन नाही. मराठी रसिकाने हाच खेळ हार्मोनियमशी खेळला आहे. गोविंदराव टेंबे हे भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसणारे नामवंत पेटीवादक. पण त्यांनी स्वतंत्र पेटीवादनालाही प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढे पी. मधुकर, म्हणजे मधुकर पेडणेकर, यांनी वाजवलेल्या नाट्यपदांच्या तबकड्या घरोघर पोचल्या. त्यांची तारीफ कशी होई? पेटी गाते, अशी. ऐकणाऱ्याला पद पाठ असे, तो मनातल्या मनात शब्द भरत जाई आणि पेटीतून त्याला त्याचा आवडता गायकनट ऐकू येई. ही दाद मनापासूनची होती यात शंका नाही. पण तिचा अर्थ नीट पाहावा. ‘हुबेहूब गायल्यासारखी’ ही शाबासकी देताना आपण वादकाला अलगद उचलून पुन्हा गायकाच्या शेजारी, त्याच्या जुन्या जागेवर बसवत असतो.

दुसरीकडे आक्षेप घेणारे होते. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत. हा आक्षेप इतका प्रबळ ठरला की, १९४०पासून १९७१पर्यंत आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती. तारीफ करणारे म्हणत गळ्यासारखी आहे, बंदी घालणारे म्हणत गळ्यासारखी नाही. मोजमाप दोघांचेही गळ्याचेच. पट्ट्यांवर बोटांच्या वजनाने काय काय होते, भात्याच्या हवेवर स्वर कसा फुलतो आणि मिटतो, हे वेगळे ऐकणारे थोडे होते. त्या थोड्यांच्या जिवावर परंपरा टिकली. पी. मधुकरांचे शिष्य, गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच वाद्यासाठी.

सारंगीची कथा अधिक कठोर आहे. मानवी गळ्याच्या सर्वांत जवळचे वाद्य म्हणून तिची ख्याती, आणि तेच तिचे दुखणे. उदयपूरजवळ जन्मलेले पंडित राम नारायण १९४९ मध्ये मुंबईत आले. १९५४ मध्ये मुंबईच्या कावसजी जहांगीर हॉलमध्ये त्यांनी पहिल्यांदा स्वतंत्र सारंगीवादन केले. पुढच्या नामवंत कलाकारांची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांनी त्यांना धड वाजवू दिले नाही, मंचावरून उतरायला लावले. सारंगी सोडून गायक व्हावे असे त्यांच्या मनात येऊन गेले. मग लहान बैठकांतून त्यांनी पुन्हा धीर गोळा केला, आणि १९५६ मध्ये मुंबईतल्याच एका महोत्सवात त्यांचे वादन श्रोत्यांनी उचलून धरले. १९६४ मध्ये भाऊ चतुरलाल यांच्या तबल्याच्या साथीने ते युरोप-अमेरिकेत गेले. २००५ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, आणि २०२४ मध्ये मुंबईत ते निवर्तले.

दोन वर्षांत सारंगी बदलली नव्हती. श्रोत्यांपैकी काही जण बदलले होते. पण त्याच काळात मैफलीतली साथीची जागा सारंगीकडून हळूहळू पेटीकडे गेली, आणि सारंगीये घराघरांतून कमी होत गेले. एक थोर वादक मंचाच्या मध्यभागी आला; त्याच्या मागची रांग मात्र ओस पडली. साथीच्या वाद्याकडे कान देणारे वेळेवर तयार झाले नाहीत की अशी किंमत मोजावी लागते.

फोनमध्ये न मावणारा आवाज

आता पुन्हा आपल्या तालुक्याकडे वळू. आज जाखडीची नोंद होते ती बहुतेक खिशातल्या फोनवर. हौसेने चित्रण होते, ते मुंबईतल्या चाकरमान्यांपर्यंत रातोरात पोचते, ही आनंदाचीच गोष्ट. पण फोन धरला जातो शाहिराच्या तोंडासमोर, आणि ते चित्रण ऐकले जाते फोनच्याच करंगळीएवढ्या स्पीकरवर. एवढ्याशा पडद्यातून खर्ज बाहेर पडत नाही, हा भौतिकशास्त्राचा साधा नियम आहे. शाहिराचे शब्द येतात, झांज येते, घुंगरू येतात. मृदंगाच्या उजव्या पुडीची टकटक येते. डाव्या पुडीचा घुमारा, ज्यावर सगळा फेर उभा आहे, तो येतच नाही. स्क्वायरची तबकडीही आज दापोलीत बसून कोणालाही फोनवर ऐकता येते. पण तशी ऐकली तर तबकडीचा धनीच गायब होतो. निदान कानात घालायचे चांगले यंत्र तरी हवे.

स्क्वायरचे यात फारसे बिघडत नाही, कारण त्याचा स्वर स्टुडिओत नीट टिपलेला आहे. तो २०१५ मध्ये गेला, २०१८ मध्ये त्याची तबकडी नव्याने ध्वनिमिश्रण करून निघाली. आपल्या मृदंगवाल्याचे तसे नाही. त्याची स्वतंत्र तबकडी कधी निघालेली नाही. त्याचा हात पुढच्या पिढीने शिकायचा तो शेजारी बसून. गावातली तरुण मंडळी वर्षातले अकरा महिने विरार-डोंबिवलीत असतात. ती फोनवरून शिकतात. मग शब्द उचलले जातात, पावले उचलली जातात, आणि डाव्या हाताचे काम अंदाजाने केले जाते. अशी दोन-तीन पावसाळी वर्षे गेली की, तोच अंदाज परंपरा म्हणून सांगितला जाईल.

यावर मोठी योजना, अनुदान, अकादमी वगैरे मागण्याची गरज नाही. येत्या गणपतीत एवढेच करावे. वाडीत जाखडी सुरू होण्याआधी दहा मिनिटे मृदंगवाल्याला एकट्याला वाजवू द्यावे. गाणे नाही, नाच नाही. एक साधा मायक्रोफोन डाव्या पुडीजवळ ठेवावा आणि ते टिपून ठेवावे. कोणत्या चालीला काय वाजवतो आणि का, हे त्याच्याच तोंडून चार वाक्यांत घ्यावे. बुजुर्ग वादक असेल तर आधी त्याच्याकडे जावे, कारण त्याच्याकडे वेळ कमी आहे.

पहिली दहा मिनिटे मंडळी चुळबुळ करतील, शाहीर कधी सुरू करणार म्हणून विचारतील. कावसजी जहांगीर हॉलमध्येही तसेच झाले होते. पण त्यानंतर जाखडी सुरू झाली की, फेराबाहेर बसलेल्यांपैकी एखाद्याचे लक्ष शाहिराच्या शब्दांवरून सरकून त्या डाव्या हाताकडे जाईल. असा एक श्रोता दर वाडीत मिळाला, तरी काम सुरू झाले असे समजावे.