चार संगणक आणि एक जादा तास

दोन वर्षांपूर्वी रत्नागिरी तालुक्यातल्या एका शाळेत प्लास्टिकखाली झाकलेले संगणक पाहिले. पावसाळ्यात बुरशी धरते म्हणून झाकले होते. दिवाळी उलटली तरी तसेच. मुलांना शिकवणारे संगणकी खेळ कोणी बनवले आणि त्यांतून निघाले काय, याचा माग मी तिथून काढू लागलो. अमेरिकी कंपन्यांच्या कहाण्या सहज मिळतात. मला जवळची हवी होती. ती वडोदऱ्यात सापडली आणि तिचे दुसरे टोक मुंबईत निघाले.

२०००च्या सुमारास गुजरात सरकारने वडोदऱ्याच्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. सयाजीरावांनी १९०६ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले ते याच संस्थानात. पण बहुतेक संगणक पडूनच राहिले. मुंबईच्या वस्त्यांतून उभ्या राहिलेल्या ‘प्रथम’ने ते चालू केले. चौथीच्या गणिताचे खेळ जमवले, काही तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मदतीने पाठ्यक्रमाला धरून नव्याने तयार केले. वस्तीतल्याच लोकांना पाच दिवस शिकवून मुलांसोबत बसवले. एका संगणकावर दोन मुले, आठवड्याला दोन तास. एक तास शाळेच्या वेळात, दुसरा शाळेआधी किंवा शाळा सुटल्यावर. हा दुसरा तास लक्षात ठेवावा.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन यांनी २००२ ते २००४ या काळात याचे मोजमाप केले. कोणत्या शाळेत खेळ द्यायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले. दुसऱ्या वर्षी गणितात ०.४७ प्रमाण विचलनाइतकी वाढ दिसली. सोप्या भाषेत, शंभरांत पन्नासावा येणारा मुलगा साधारण बत्तिसावा आला. भाषेत फरक पडला नाही. खेळ थांबल्यावर वर्षभरात मात्र लाभ ०.१०च्या आसपास उतरला.

खर्च मुलामागे वर्षाला ७२२ रुपये, संगणकांच्या किमतीसह. ‘प्रथम’च्याच बालसखी उपक्रमात मागे पडलेल्या मुलांना वस्तीतली एखादी शिकलेली मुलगी रोज दोन तास शिकवी; तिथे दुसऱ्या वर्षीची वाढ ०.२८ आणि खर्च १०७ रुपये. यंत्राच्या भक्तांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. मीही बराच काळ त्याच पंथातला होतो.

लिंडेन यांनी पुढे गुजरातेतच ज्ञानशाळेच्या वर्गांत एक प्रयोग केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. संगणकाचा तास शाळेव्यतिरिक्त दिला तिथे गणित ०.२८ने सुधारले. शिक्षकाचा तास काढून त्या जागी संगणक बसवला तिथे ते ०.५७ने घसरले. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ साली नोबेल मिळाल्यावर वडोदऱ्याचा प्रयोग पुन्हा चर्चेत आला. या घसरणीबद्दल मात्र मी फारसे कुठे वाचले नाही.

हे सगळे घेऊन मी त्या शाळेत परत गेलो. गुरुजींनी विचारले, कुठला खेळ घालू? मी विचारले, शाळा सुटल्यावर तासभर मुलांना थांबवता येईल का, आणि त्यांच्यासोबत कोण बसेल? गावातली बारावी झालेली एक मुलगी बसायला तयार होती. पण निम्मी मुले लांबच्या वाड्यांवरची, आणि त्यांची शेवटची एसटी सव्वापाचला सुटते. शाळा सुटते पाचला. सध्या आगारात वेळ बदलण्यासाठी अर्ज दिला आहे.