अंकओळख आणि मोबाईल

गोदाकाठच्या शहागडसारख्या गावातही आता मोबाईलवरील ॲपच्या साहाय्याने बालकांना अंकओळख करून देता येते. मराठी बालकाची अडचण मात्र निराळी आहे. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी उच्चारला जातो, लिहिताना सहा आधी येतो. साहजिकच ते ३६ लिहून मोकळे होते. म्हणून २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’ या धर्तीचे वाचन आले. त्यावर मोठे वादंग माजले. अडचण मात्र खरी होती.

ॲप न थकता तोच प्रश्न पुन्हा विचारते, एवढा त्याचा उपयोग निश्चित आहे. तत्पूर्वी शिक्षकांनी दहा-दहा काड्यांचे सहा गठ्ठे व तीन सुट्या काड्या मुलांकडून मोजून घ्याव्यात.