कासवाची नजर आणि कासवमित्रांचे काम

आपल्याकडच्या जुन्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. त्याला हात लावून नमस्कार केल्याशिवाय पुढे जायचे नाही, ही शिकवण आपल्यापैकी बहुतेकांना घरातूनच मिळाली आहे. संतवाङ्मयात कासवीच्या नजरेचा दृष्टान्तही वारंवार येतो. कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, नुसत्या मायेच्या नजरेने त्यांना पोसते, असे आपण कीर्तनात ऐकत आलो.

गेल्या फेब्रुवारीत आपल्या मंडळाची सहा कुटुंबे वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणी किनाऱ्यावर जाऊन आली. बेळगावकरांना वेंगुर्ले काही परके नाही. आपल्याकडे ‘वेंगुर्ला रोड’ आहे आणि आंबोलीचा घाट उतरला की समुद्र आलाच. पण या वेळी समुद्रात डुंबायला किंवा मासे खायला नव्हे, तर कासवांचे काम कसे चालते ते पाहायला गेलो होतो. तेथे पहिलीच गोष्ट कळली ती ही, की समुद्री कासवाची मादी अंडी घालून निघून जाते आणि पिल्लांचे तोंडही पाहत नाही. पिल्लांवर नजर ठेवणारी माणसे गावातली असतात. त्यांना ‘कासवमित्र’ म्हणतात.

कासव येते कसे?

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर प्रामुख्याने ‘ऑलिव्ह रिडले’ जातीची कासवे अंडी घालतात. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ साधारण ६० ते ७० सेंटिमीटर लांब असते. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे या कासवांच्या लाखोंच्या झुंडी एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. कोकणात आणि गोव्यात मात्र ती एकेकटी येतात. त्यामुळे इथे प्रत्येक घरटे मोलाचे.

नोव्हेंबर ते मार्च हा मुख्य हंगाम. रात्री मादी भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून अंगाने दाबते आणि परत जाते. अंडे दिसायला टेबल टेनिसच्या चेंडूसारखे पांढरे आणि गोल. त्या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहते. ते दुःखाने नव्हे, तर शरीरातले जादा मीठ बाहेर टाकण्यासाठी.

पिल्लू बाहेर यायला ४५ ते ६० दिवस लागतात. ते नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळू जास्त तापली की माद्या अधिक, थंड राहिली की नर अधिक. म्हणून वाढत्या उन्हाळ्याची काळजी अभ्यासकांना वाटते. सगळ्याच पिल्लांच्या माद्या झाल्या तर पुढची पिढी कशी व्हायची?

गस्त, घरटे आणि टोपली

कासवमित्राचा दिवस रात्रीच सुरू होतो. हंगामभर पहाटेपर्यंत किनारा पायी तुडवायचा. वाळूत ट्रॅक्टरच्या चाकासारखा माग दिसला की तो धरून वर जायचे आणि काठीने किंवा हाताने हलकेच चाचपून घरटे शोधायचे. तोवर कोल्हा किंवा कुत्रे पोहोचले असेल तर नुसती टरफले हाती लागतात. पूर्वी माणसेही अंडी काढून खात आणि विकत. हे कित्येक गावांतले वडीलधारे आजही मोकळेपणाने सांगतात.

अंडी सुरक्षित जागी हलवायची असतील तर ती पहिल्या काही तासांतच हलवावी लागतात. नंतर आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो आणि अंडे उलटेपालटे झाले तर मरतो. म्हणून अंडे जसे असेल तसेच, न फिरवता उचलतात. जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत मूळ खड्ड्याइतकाच खोल, त्याच आकाराचा खड्डा करून ती ठेवतात. शेजारी पाटी लावतात. तिच्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या असते. पिल्ले निघायचे दिवस जवळ आले की वर टोपली पालथी घालतात आणि ती सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात.

आम्ही गेलो त्या संध्याकाळी टोपली उचलली तेव्हा खाली नुसती वाळू होती. मुले हिरमुसली. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र वाळू मध्येच खचलेली दिसली आणि एकामागून एक काळी, वळवळणारी पिल्ले वर आली. त्यांना थेट पाण्यात सोडत नाहीत. किनाऱ्यावर थोडे अलीकडे ठेवतात आणि आपले आपण चालू देतात. मोठी झाल्यावर माद्या जन्मल्या त्या परिसरात परततात. त्या ओळखीची सुरुवात या पहिल्या वाटचालीत होते, असे मानले जाते.

आमच्या हातून झालेली चूक

पिल्ले पाण्याकडे जातात ती उजेडाच्या रोखाने. अंधारात समुद्राचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते आणि पिल्लाला तेवढेच कळते. ही माहिती आम्हाला आदल्या रात्रीच दिली होती. तरी अर्धवट अंधारात आमच्यातल्याच एकाने फोटोसाठी मोबाईलचा दिवा लावला. पाच-सहा पिल्ले जागच्या जागी थबकली आणि सरळ आमच्या दिशेने वळली. कासवमित्राने आवाज न चढवता एवढेच म्हटले, “दिवो बंद करा.” पिल्ले पुन्हा पाण्याकडे वळायला बराच वेळ गेला. तेवढ्यात सूर्य वर आला असता तर वर घारी आणि खाली कुर्ल्या होत्याच. हजारांतले एखादेच पिल्लू मोठे होते असे सांगतात. त्या हजारांतली पाच-सहा आम्ही त्या दिवशी आणखी संकटात टाकली. ही गोष्ट इथे मुद्दाम लिहीत आहोत. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे झगझगीत दिवे रोज रात्री काय करत असतील, ते त्यावरून समजावे.

हे काम उभे कसे राहिले?

महाराष्ट्रात या कामाचा पाया रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास येथे २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घातला. वेळास हे नाना फडणवीसांचे गाव म्हणूनही ओळखले जाते. पुढे तेथे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी उतरू लागले, त्यांच्याकडेच जेवू लागले आणि कासव जगले तर गावाला दोन पैसे मिळतात हे सगळ्यांना पटले. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे किनारे कासवांसाठी राखलेले आहेत आणि तेथे वनखाते स्थानिकांच्या मदतीने घरटी सांभाळते.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवून तिला ‘प्रथमा’ नाव दिले. पश्चिम किनाऱ्यावरचा ऑलिव्ह रिडलेचा असा पहिलाच प्रयोग. ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेकडची आणि पश्चिमेकडची कासवे वेगळी असावीत, या समजाचा त्यामुळे फेरविचार करावा लागला.

मच्छीमार बांधवांना वगळून हे काम होत नाही. जाळ्यात अडकलेले कासव सोडायचे तर अनेकदा जाळे कापावे लागते आणि जाळे म्हणजे त्यांचे पोट. म्हणून महाराष्ट्रात संरक्षित जीव सोडवताना जाळ्याचे नुकसान झाल्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना २०१८ पासून आहे.

आपल्या मुलांना यात काय करता येईल?

समुद्री कासवे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वनखात्याच्या परवानगीशिवाय कासवाला, पिल्लाला किंवा अंड्याला हात लावणे गुन्हा आहे. त्यामुळे हौस म्हणून परस्पर कोणी घरटे उकरू नये. स्वयंसेवकाला सुरुवातीला मिळते ते साधे काम: किनाऱ्यावरचे प्लॅस्टिक आणि तुटकी जाळी उचलणे, नोंदी लिहिणे, पाहुण्यांना रांगेत उभे करणे, गस्तीला सोबत जाणे. त्यातून गोडी लागली तर पुढे प्राणिशास्त्र, सागरविज्ञान, पशुवैद्यक किंवा वनसेवा असे रस्ते आहेत. गोवा विद्यापीठ आणि दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तर आपल्यापासून काही तासांवर आहेत.

जे नुसते सहलीला जाणार आहेत, त्यांनी एवढे तरी पाळावे. हंगामात रात्री किनाऱ्यावर विजेरी, मोबाईलचा दिवा किंवा फ्लॅश लावू नये. वाळूवर गाडी नेऊ नये. उरलेले अन्न टाकू नये, त्याने कुत्री गोळा होतात. जखमी कासव दिसल्यास त्याला पाण्यात ढकलू नये. जीवरक्षकांना किंवा वनखात्याला लगेच कळवावे.

येत्या हंगामात मंडळ पुन्हा जाणार आहे. या वेळी पाहायला नव्हे, तर दोन दिवस किनारा स्वच्छ करायला आणि सांगतील ते काम करायला. इच्छुक सभासदांनी कार्यवाहांकडे नावे द्यावीत. पिल्ले दिसतीलच असे नाही, एवढे मात्र मुलांना आधीच सांगून ठेवावे.