शेवटच्या गाडीच्या आधीचं कॉलेज

कॉलेज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काही ठरलेली चित्रं येतात. कट्टा, कँटीनमधला कटिंग चहा, गॅदरिंगच्या तालमी, एकांकिका स्पर्धा. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक आहे आणि त्याच्या तालमींतून मराठी रंगभूमीला किती माणसं मिळाली, हे आपण कौतुकानं सांगतो. पण हेच चित्र चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या एखाद्या लहान महाविद्यालयात नेऊन पाहा. तिथे नाटक कुठलं बसवायचं हा प्रश्न नंतर येतो. आधी विचारावं लागतं, परतीची गाडी किती वाजता?

बँकेच्या नोकरीत काही वर्षं मी या भागात काढली. पुढे लेखक म्हणून स्नेहसंमेलनांची आमंत्रणं येऊ लागली. या दोन्ही निमित्तांनी जी महाविद्यालयं पाहिली, त्यांचा दिवस साधारण एकसारखाच. सकाळी तास, आणि दुपार होता होता निम्मं कॉलेज एसटी स्टँडवर! मुलं आजूबाजूच्या खेड्यांतून आलेली. एक गाडी चुकली तर पुढची थेट संध्याकाळी. त्यामुळे तास संपला की गप्पाही संपतात. तीन वर्षं एका वर्गात बसूनही एकमेकांशी मोकळेपणानं न बोललेली मुलं मी पाहिली आहेत.

मुलींच्या बाबतीत हे आणखी अवघड. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट झालं, ही मोठी सोय झाली यात शंका नाही. पण तिकीट निम्मं झालं म्हणून गाडीची वेळ बदलत नाही. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या बाजूला तर अंधारायच्या आत घर गाठायला वाघ हेही एक कारण आहे. तालमीला थांबायला आईबाप नाही म्हणतात, ते केवळ जुन्या विचारांचे आहेत म्हणून, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे.

त्यात शेतीचं वेळापत्रक वेगळं. कॉलेज सुरू होतं तेव्हा धानाची रोवणी असते. दिवाळीच्या आगेमागे कापणी. परीक्षा जवळ येते तेव्हा मोहफुलं, आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. हजेरीपटावरचे रिकामे चौकोन पाहून बाहेरगावचा प्राध्यापक म्हणतो, मुलांना कशातच रस नाही.

खरंच रस नाही? मग दिवाळीनंतर याच मुलांना त्यांच्या गावी जाऊन पाहावं. ही झाडीपट्टी आहे. मंडई भरते, दिवसा शंकरपट रंगतो आणि रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. देसाईगंज म्हणजे वडसा हे या रंगभूमीचं मोठं केंद्र. कुरखेडा भागातले झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीची आठवण झाली. गावात नाटक आणायचं तर मंडळ लागतं, वर्गणी लागते, मंडप, तिकिटं, हिशेब, पाहुण्यांची सरबराई, सगळं लागतं. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा तिथे रात्रभर माणसं सांभाळताना दिसतो. भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया गावांत तर कॉलेज येण्याच्या कितीतरी आधीपासून गोटुल होतं. तरुण मुलंमुली एकत्र जमायची, रेला नाचायची, गावाची रीत शिकायची. म्हणजे हौस आहे, अंगात गुण आहेत. कॉलेजच्या दारापाशी ते बाहेर का राहतात, एवढाच प्रश्न.

याचं एक उत्तर मला राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत दिसलं. ही योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिचं सात दिवसांचं निवासी शिबिर हे शहरातल्या मुलांसाठी अनेक कार्यक्रमांपैकी एक असेल. इथल्या मुलांसाठी मात्र परतीच्या गाडीची चिंता नसलेले ते वर्षातले सातच दिवस. सकाळी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून वनराई बंधारा घालायचा, दुपारी व्याख्यान, रात्री गाणी आणि नकला. एका समारोपाला मी पाहुणा होतो. मागे बसलेली एक मुलगी उठली आणि सात दिवसांच्या स्वयंपाकाचा खर्च तिनं पैशापैशासह वाचून दाखवला. माझी हयात आकड्यांत गेली, पण इतकं स्वच्छ निवेदन मी क्वचितच ऐकलं. तिचे शिक्षक हळूच म्हणाले, ‘सर, हिचा आवाज आम्हीही आजच ऐकतोय!’

या भागाला ही वाट नवी नाही. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनात १९६४ साली आनंद निकेतन महाविद्यालय उभं केलं. ज्यांना समाजानं वाळीत टाकलं, त्या कुष्ठमुक्तांच्या वस्तीत गावोगावची मुलं शिकायला येऊ लागली. हा धडा कुठल्या क्रमिक पुस्तकात सापडणार? मूल तालुक्यातल्या सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीत तर महाराष्ट्रभरातली तरुण मुलं भर मे महिन्यात घाम गाळायला येत आली आहेत.

सरकारी पातळीवर काही घडलंच नाही, असंही नाही. २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं. त्याआधी ही महाविद्यालयं नागपूर विद्यापीठाकडे होती, आणि सिरोंचाच्या मुलाला विद्यापीठाची पायरी चढायची तर जवळजवळ सगळा पूर्व विदर्भ ओलांडावा लागे. आता नव्या शैक्षणिक धोरणानं सेवा योजना, खेळ, कला यांना क्रेडिटही दिली आहेत. चांगलंच झालं. पण बँकेच्या भाषेत क्रेडिट म्हणजे जमा, आणि जमा करायला माणूस आधी काउंटरपर्यंत पोहोचावा लागतो. गाडीसाठी पळणाऱ्या मुलीच्या खात्यात हे क्रेडिट पडणार कसं? ती आलीच नाही तरी कागदावर ते पडू शकतं, ही भीती वेगळीच.

उपाय फार खर्चाचा नाही. आठवड्यातून एका दिवशी दोन तास, तेही वेळापत्रकाच्या मधोमध, नाटक, वादसभा, खेळ आणि नुसत्या गप्पांसाठी राखून ठेवावेत. तास संपल्यावर नव्हे, तासांच्या आतच. तालमी दिवसा व्हाव्यात. स्नेहसंमेलन रोवणी-कापणी टाळून ठेवावं. त्यात हिंदी सिनेमाच्या गाण्यांबरोबर दंडार आणि रेलालाही मानाची जागा असावी. आणि प्राचार्यांनी आगारप्रमुखांकडे जाऊन एकदा चहा घ्यावा. दुपारची एखादी गाडी तासभर उशिरा निघाली, तर एखाद्या कॉलेजचं सांस्कृतिक जीवन उभं राहू शकतं!

अभ्यासक्रम बुडेल, असं कुणी म्हणेल. बुडणार नाही. या मुलांतली बरीचशी घरातली पहिलीच पदवीधर होणार आहेत. उद्या मुलाखतीत, ग्रामसभेत, बँकेच्या काउंटरवर त्यांना चार माणसांसमोर उभं राहून बोलायचं आहे. त्याचा सराव पदवीच्या कागदावर होत नाही. तो मित्रांच्या घोळक्यात होतो, आणि त्या घोळक्याला जमायला थोडा वेळ लागतो.

तेवढा वेळ त्यांना गाडी सुटायच्या आधी मिळायला हवा.