सस्पेंशनची उंची कमी करणे आणि चाकांचे संरेखन

सस्पेंशनची उंची कमी करणे म्हणजे मोटारीच्या स्प्रिंगांमध्ये अथवा त्यांच्या बैठकीत बदल करून गाडीचा सांगाडा मूळ रचनेपेक्षा जमिनीच्या अधिक जवळ आणणे होय. अशा बदलानंतर चाके ज्या कोनांत बसवलेली असतात ते कोनही बदलतात. हे कोन निर्मात्याने ठरवलेल्या मर्यादेत आणण्याच्या क्रियेला चाकांचे संरेखन म्हणतात. व्यवहारात ती ‘व्हील अलाइनमेंट’ या नावाने ओळखली जाते. उंची उतरवल्यावर संरेखन न केल्यास टायरची आतील कड वेगाने झिजते. ही झीज बाहेरून सहज दिसत नाही, म्हणून ती खर्चाइतकीच सुरक्षिततेच्या दृष्टीनेही महत्त्वाची ठरते.

उंची कमी करण्याच्या पद्धती

सर्वात प्रचलित पद्धतीत मूळ स्प्रिंगांच्या जागी आखूड व अधिक कडक स्प्रिंगा बसवल्या जातात. उंची कमी झाल्याने चाकाला वर जाण्यासाठी उरणारी जागाही कमी होते. म्हणून स्प्रिंग कडक नसेल, तर खड्ड्यात सस्पेंशन रबरी आघातरोधकावर आदळते. दुसऱ्या पद्धतीत ‘कॉइलओव्हर’ नावाचा जोडसंच वापरतात. त्यात स्प्रिंगेची खालची बैठक आटे असलेल्या नळीवर बसवलेली असते आणि ती फिरवून उंची कमी-अधिक करता येते.

मूळ स्प्रिंगेचे वेढे कापणे ही स्वस्त पण धोकादायक पद्धत आहे. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक पूर्ण खाली लोंबल्यास स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. स्प्रिंग तापवून खाली बसवल्यास पोलादाला दिलेले पाणी उतरते व ती पुढे अनिश्चितपणे दबत राहते.

उंची कमी केल्याने गाडीचा गुरुत्वमध्य खाली येतो व वळणावर बाहेरील चाकांकडे सरकणारा भार घटतो. हा भार गुरुत्वमध्याच्या उंचीच्या प्रमाणात असतो. गुरुत्वमध्य ५५ सेंमी उंचीवरून ३ सेंमी खाली आणल्यास भाराचे स्थलांतर सुमारे ५ टक्क्यांनी कमी होते. हा लाभ खरा असला तरी मर्यादित आहे.

संरेखनाचे कोन

चाकाची मांडणी मुख्यतः तीन कोनांनी सांगितली जाते.

कँबर : गाडीकडे समोरून पाहिले असता चाकाचा उभ्या रेषेशी होणारा कोन. चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असल्यास कँबर ऋण व बाहेर झुकलेला असल्यास धन मानतात.

टो : वरून पाहिले असता चाकाच्या प्रतलाचा गाडीच्या लांबीच्या दिशेशी होणारा कोन. चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींकडे वळलेल्या असल्यास ‘टो-इन’ व परस्परांपासून दूर गेलेल्या असल्यास ‘टो-आउट’ म्हणतात.

कॅस्टर : बाजूने पाहिले असता सुकाणूच्या आसाचा उभ्या रेषेशी होणारा कोन. वळणानंतर सुकाणू आपोआप सरळ होण्यास तो साहाय्य करतो. टायरच्या झिजेवर त्याचा परिणाम इतर दोन कोनांच्या मानाने अल्प असतो.

उंचीबरोबर कोन बदलण्याचे कारण

चाक वर-खाली होताना सरळ रेषेत जात नाही. त्याला धरणाऱ्या भुजा एका टोकाशी सांगाड्याला जोडलेल्या असल्याने तिचे दुसरे टोक वर्तुळाच्या कंसावर फिरते. सांगाडा खाली आणणे म्हणजे चाकाला या कंसावर कायमचे वर सरकवणे होय.

आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढील बाजूस मॅकफर्सन स्ट्रट ही रचना असते. अमेरिकी अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना ब्रिटनमध्ये १९५० साली आलेल्या फोर्ड कॉन्सल या मोटारीत वापरली गेली. तिच्यात खालची एकच भुजा असते व वरचे काम स्ट्रट करतो. मूळ उंचीला ही भुजा बाहेरच्या टोकाकडे किंचित उतरती असते. सांगाडा खाली येताना भुजा आडवी होत जाते, तिचे टोक बाहेर ढकलले जाते आणि कँबर अधिक ऋण होतो. मात्र भुजा स्ट्रटशी काटकोन करण्याची स्थिती ओलांडून गेली, की ऋण कँबर पुन्हा घटू लागतो. त्यामुळे फार खाली आणलेली गाडी वळणावर उलट कमी पकड दाखवू शकते. या रचनेत सांगाडा ज्या बिंदूभोवती कलतो तो बिंदूही गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. परिणामी गुरुत्वमध्य खाली येऊनही गाडीचा कल वाढण्याची शक्यता राहते.

दुहेरी विशबोन रचनेत वर व खाली अशा दोन भुजा असतात. मुंबईच्या टॅक्सीमुळे सर्वपरिचित झालेली, कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी पुढील बाजूस याच प्रकारची होती. वरची भुजा आखूड ठेवलेल्या रचनेत चाक वर जाताना तिचे टोक अधिक वेगाने आत ओढले जाते व कँबर सातत्याने ऋण होत जातो.

अनेक लहान मोटारींच्या मागील बाजूस दोन्ही चाकांना जोडणारी पीळ घेणारी तुळई असते. तिच्यात दोन्ही चाके सारख्याच प्रमाणात वर गेल्यास कँबर व टो फारसे बदलत नाहीत.

टोमधील बदल हा याहून महत्त्वाचा असतो. सुकाणूचा टाय रॉड व खालची भुजा यांची लांबी आणि त्यांचे सांधे एकसारखे नसतात. त्यामुळे दोघांचे कंस वेगळे पडतात. उंची बदलली, की टाय रॉड चाकाला किंचित वळवतो. हा बदल टो-इनकडे होईल की टो-आउटकडे, हे टाय रॉड चाकाच्या मध्यापुढे आहे की मागे, तसेच त्याच्या उंचीवर व उतारावर अवलंबून असते.

टायरची झीज

उंची कमी केलेल्या गाडीचे टायर आतून झिजतात तेव्हा दोष सामान्यतः ऋण कँबरला दिला जातो. प्रत्यक्षात बहुधा मोठा वाटा टोचा असतो. एका चाकाचा टो फक्त पाव अंशाने चुकला, तर दर किलोमीटरला त्या चाकाची दिशा व गाडीची दिशा यांत सुमारे ४.४ मीटरचे आडवे अंतर पडते. कांजूरमार्ग ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या सुमारे २५ किमीच्या प्रवासात ते ११० मीटरच्या आसपास भरते. टायर लवचीक असल्याने हे सर्व अंतर घसरण्यात जात नाही. तरीही रबराचा जमिनीला टेकलेला भाग प्रत्येक फेऱ्यात आडवा ताणला जातो आणि जमीन सोडताना घासला जातो.

कँबरचा परिणाम वेगळ्या प्रकारचा असतो. १५० मिमी रुंदीच्या ट्रेडवर एक अंश कँबरमुळे दोन कडांच्या उंचीत सुमारे २.६ मिमी फरक पडतो आणि आतील कडेवर अधिक भार येतो. चाक सरळ दिशेने लोळत असेल, तर एवढ्या कँबरने होणारी झीज सहसा सौम्य असते. परंतु ऋण कँबर व टो-आउट एकत्र आल्यास ज्या कडेवर भार अधिक आहे तीच कड घासली जाते. उंची उतरवलेल्या गाडीचे टायर अल्पावधीत निकामी होण्यामागे हा संयोग प्रामुख्याने आढळतो.

झिजेच्या स्वरूपावरून कारणाचा अंदाज बांधता येतो :

केवळ आतील कड गुळगुळीत : ऋण कँबर, टो-आउट अथवा दोन्ही.
ट्रेडच्या ठोकळ्यांची एक कड धारदार व दुसरी गोल : टोमधील चूक. ट्रेडवरून हात आडवा फिरवल्यास एका दिशेने तो गुळगुळीत व दुसऱ्या दिशेने करवतीसारखा लागतो.
ठरावीक अंतरावर खळगे : निकामी शॉक अब्सॉर्बर किंवा सैल सांधे.
दोन्ही कडा झिजलेल्या : हवेचा दाब कमी.
मध्यभाग झिजलेला : हवेचा दाब अधिक.

सुरक्षिततेवरील परिणाम

नव्या मोटार टायरच्या खाचा साधारणतः ७ ते ८ मिमी खोल असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी असून मोटारींच्या टायरसाठी किमान १.६ मिमी खोली अपेक्षित आहे. ही मर्यादा दाखवणारे रबरी उंचवटे मुख्य खाचांच्या तळाशी असतात. आतील कड झिजून रबराखालचे धागे उघडे पडले, तरी मधल्या खाचांतील उंचवटे अद्याप खोलच दिसू शकतात. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्यास टायर चांगला वाटतो.

अशा टायरची पाणी बाहेर फेकण्याची क्षमता घटलेली असते. साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाताना तो जमिनीचा स्पर्श सोडून पाण्यावर तरंगू शकतो. उघडे पडलेले धागे द्रुतगती मार्गावरील सलग वेगात व उष्णतेत तुटल्यास टायर फुटतो.

मुंबई उपनगरातील परिस्थिती

मध्य रेल्वेच्या विक्रोळी व भांडुप या स्थानकांदरम्यान असलेले कांजूरमार्ग हे लाल बहादूर शास्त्री मार्ग, पूर्व द्रुतगती महामार्ग आणि जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्ता यांच्या परिसरात आहे. शेजारच्या भांडुप येथे सिएट कंपनीचा टायर कारखाना आहे, तर कुर्ला–कलिना भागातील सी.एस.टी. रस्ता मोटारींच्या सुट्या भागांच्या बाजारासाठी परिचित आहे. त्यामुळे आखूड स्प्रिंगा व रुंद टायर या भागातील वाहनधारकांस सहज उपलब्ध होतात.

रस्त्यांची स्थिती मात्र अशा बदलास अनुकूल नसते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत सामान्य वाहतुकीसाठीचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंमी उंच सांगितला आहे. वसाहतींच्या अंतर्गत रस्त्यांवर याहून अरुंद व तीव्र चढाचे गतिरोधकही आढळतात व खाली आणलेल्या गाडीचा तळ त्यांवर घासतो. मुंबई उपनगरात जून ते सप्टेंबरदरम्यान सरासरी २,००० मिमीहून अधिक पाऊस पडतो. पाण्याखाली न दिसणाऱ्या खड्ड्यात चाक आदळल्यास भुजा किंवा टाय रॉड वाकून केलेले संरेखनही बिघडू शकते.

पुनर्संरेखन

उंची बदलल्यानंतर पुढील क्रम पाळला जातो :

१. रबरी बुश असलेल्या भुजांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर असताना घट्ट केले जातात. चाके लोंबत असताना ते आवळल्यास रबर कायम पिळलेले राहते व लवकर फाटते.
२. टायरमधील हवा, बॉल जॉइंट व टाय रॉडचे सांधे तपासले जातात. सैल सांध्यावर केलेले संरेखन टिकत नाही.
३. आधी कॅस्टर व कँबर आणि शेवटी टो जुळवला जातो, कारण कँबर बदलला की टोही बदलतो.
४. नव्या स्प्रिंगा काही शे किलोमीटरनंतर किंचित बसतात. म्हणून मापे पुन्हा घेतली जातात.

अनेक लहान मोटारींत निर्मात्याने केवळ पुढील टो बदलण्याची सोय ठेवलेली असते. अशा गाड्यांत कँबर मर्यादेत आणण्यासाठी विक्षेंद्री बोल्ट किंवा स्ट्रटच्या वरच्या टोकाची सरकती बैठक बसवावी लागते. टायरच्या जागा आलटून-पालटून झीज काही काळ विभागता येते, मूळ कारण मात्र दूर होत नाही. तसेच चाकांचे संतुलन म्हणजे संरेखन नव्हे. संतुलनाने चाकाच्या वजनातील असमतोल व त्यामुळे होणारा कंप दूर होतो, चाकाचे कोन बदलत नाहीत.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-क अन्वये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.