काजळीपासून सुपारीपर्यंत

अठराव्या शतकात लंडनमधील धुराडी साफ करण्याच्या कामावर पाच-सहा वर्षांची मुले ठेवीत. अरुंद धुराड्यात मोठा माणूस शिरू शकत नसे. मुले काजळीने माखून बाहेर येत आणि आंघोळ क्वचितच करीत. त्यांच्यापैकी काहींना मोठेपणी वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग होई. पर्सिव्हल पॉट या शल्यचिकित्सकाने १७७५ मध्ये या रोगाचा संबंध काजळीशी जोडला. काजळीत आढळणारे बेन्झोपायरीन हे कर्करोगकारक रसायन शास्त्रज्ञांच्या हाती लागले ते १९३० च्या दशकात. पण प्रतिबंध तोपर्यंत थांबला नव्हता. युरोपात जेथे सफाई कामगार अंगभर कपडे घालीत व रोज अंग धूत, तेथे हा रोग क्वचितच आढळे.

काजळी बसली बालपणी आणि रोग झाला मोठेपणी, असे का? पेशीने केव्हा विभागावे याच्या सूचना तिच्या डीएनएमध्ये असतात. कर्करोगकारक पदार्थ या सूचनांत बिघाड करतात. बहुतेक बिघाड पेशी दुरुस्त करते, उरलेले साठत जातात. असे अनेक बिघाड जमले की पेशींची बेबंद वाढ सुरू होते. याला सहसा कित्येक वर्षे लागतात. म्हणजेच घातक सवय जितक्या लहान वयात लागेल, तितका हा साठा लवकर सुरू होतो.

आपल्याकडची आजची काजळी म्हणजे तंबाखू आणि सुपारी. तंबाखू वाईट हे मुलांना ठाऊक असते. सुपारी मात्र निरुपद्रवी समजली जाते. जेवणानंतर आजोबाच नातवाच्या हातावर खांड ठेवतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, तंबाखू नसलेली सुपारीही माणसात कर्करोगकारक असल्याचे नोंदवले आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ अस्तराखाली तंतू साठून ते ताठर होते. प्रथम तिखट झोंबू लागते, मग तोंड उघडणे कमी होते. हा ताठरपणा सहसा पूर्ववत होत नाही, आणि अशा काही रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग होतो.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. पण घरच्या पानदानाला कोणता कायदा लागू करणार? तेथे शिक्षकाचेच काम आहे.

वर्गात एक साधी तपासणी करता येईल. प्रत्येकाने हात स्वच्छ धुवावेत. तर्जनी, मधले बोट व अनामिका जुळवून, एकावर एक येतील अशी वरच्या व खालच्या पुढील दातांमध्ये धरून पाहावीत. सामान्यतः स्वतःची तीन बोटे मावतात. मावली नाहीत तर तो कर्करोग असे मुळीच नव्हे. अक्कलदाढ किंवा जबड्याचे दुखणेही असू शकेल. अशा विद्यार्थ्याला चारचौघांत न विचारता पालकांमार्फत दंतवैद्याकडे पाठवावे.

आणि ही तपासणी आधी आपण शिक्षकांनी स्वतःवर करावी. मधल्या सुट्टीत आपल्यापैकी कितीजणांच्या खिशातून सुपारीची डबी निघते, हे मुले रोज पाहत असतात. त्या डबीत उद्यापासून बडीशेप भरली, तर निम्मा पाठ तेथेच शिकवून होईल.