विनामूल्य विज्ञान आणि घरची शाळा

मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवावे, असे ठरविणारी काही कुटुंबे आज महाराष्ट्रात आहेत. भाषा घरी शिकविता येते, इतिहास येतो, गणितही कसेबसे निभते. परंतु विज्ञानाचे काय, हा प्रश्न अशा आईबापांना हटकून पडतो. घरात प्रयोगशाळा नाही आणि शिकवणीचे शुल्क सर्वांना परवडणारे नाही. यावर हल्ली तयार उत्तर मिळते : इंटरनेटवर सारे काही फुकट आहे. आमच्या मते हे उत्तर निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे कोणी भरावयाचे, याचा विचार आपण करू.

आरंभी कायद्याची बाजू. २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकाचे कर्तव्य मानतो. मात्र तसे न करणाऱ्यास त्यात शिक्षा सांगितलेली नाही. पुढे दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा आहे, तिला किमान वय चौदा लागते. म्हणजे वाट आहे, पण ती पालकाने डोळसपणे चालावयाची आहे.

आता जे विनामूल्य मिळते त्याकडे वळू. बालभारतीची पाठ्यपुस्तके पैसे न देता उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोशही इंटरनेटवर खुला आहे. त्याचे पहिले प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील पिंपळनेरचा, १९०१ सालचा. काड्यापेटीच्या काड्या, सायकलची नळी आणि रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी आपल्या कृती आणि मराठीसह अनेक भाषांतील हजारो पुस्तके सर्वांना मोकळी करून दिली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वायमन या नोबेलविजेत्या शास्त्रज्ञाने २००२ साली ‘फेट’ हा प्रकल्प सुरू केला. त्यातील विजेची मंडले, लंबक वगैरे पडद्यावर हाताळता येतात आणि त्यांतील पुष्कळशी मराठीतही आहेत. एके काळी मोठ्या शहरातील श्रीमंताच्या मुलालाही हे वैभव लाभत नव्हते.

पण विनामूल्य म्हणजे विनाश्रम नव्हे. पोहण्याची चित्रफीत शंभरदा पाहणारा पांझरेत उतरला की गटांगळ्याच खाणार. विज्ञानाचेही तसेच आहे. पडद्यावरचा प्रयोग कधी फसत नाही आणि घरचा प्रयोग हमखास फसतो. तो का फसला, हे शोधू लागल्यावरच मुलाचे विज्ञान सुरू होते.

एक साधे उदाहरण घ्या. धुळे सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य उत्तरेकडे साडेतेवीस अंशांपर्यंत जाऊन परत फिरतो, म्हणून वर्षातून दोनदा तो आपल्या अगदी डोक्यावर येतो : एकदा २५ मेच्या सुमारास आणि पुन्हा १८ जुलैच्या सुमारास. जुलैत ढग असतात, म्हणून मे महिना बरा. गच्चीवर किंवा अंगणात ओळंबा लावून एक काठी सरळ उभी करावी आणि दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. एका क्षणी सावली नाहीशी होईल. दिल्लीच्या मुलाला हे कधीच दिसणार नाही, कारण दिल्ली साडेतेवीस अंशांच्याही उत्तरेला आहे.

परंतु खरी मौज पुढेच आहे. हे बाराच्या ठोक्याला घडणार नाही. साडेबाराच्या किंचित आधी घडेल. मूल विचारील, असे का? आपले घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावर लावलेले आहे आणि धुळे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे. म्हणून सूर्य आपल्याकडे उशिरा येतो. हे उत्तर इंटरनेटवर क्षणात सापडते. पण विचारावयास हवा तो प्रश्न अंगणातच जन्मतो. क्रम असा हवा : आधी अंगण, मग पडदा.

दुसरी गोष्ट भाषेची. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली सुरू झाले. त्याच्या आरंभीच्या कामांपैकी एक शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, खिरोदा परिसरातील प्राथमिक शाळांत झाले. पुस्तकाची बोजड भाषा हा विज्ञानाच्या वाटेतील मोठा अडसर आहे, हे या केंद्रातील अभ्यासकांनी आग्रहाने मांडले. घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलाला ‘बाष्पीभवन’ हा शब्द पाठ करावयास लावण्याआधी, पाझरणाऱ्या माठातले पाणी गार का होते, हे त्याच्या बोलीत विचारावे. हे काम कोणतेही संकेतस्थळ करणार नाही. ते आईच करू शकते, मग ती चौथी शिकलेली का असेना. तिला उत्तर येत नसले तरी बिघडत नाही. “चल, पाहू या” एवढे म्हणता आले की पुरे.

मात्र सारा भार एकट्या घरावर टाकून गावाने मोकळे होऊ नये. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तोही वडिलांबरोबर दिवसभर कामावर जातो, त्या घराला हे विनामूल्य भांडार कुलूपबंदच आहे. येथे आपल्याला आपल्या खानदेशाचाच एक दाखला आठवतो. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापिला. इसवी सन १२०७ च्या सुमाराचा त्याचा शिलालेख आहे. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा काही वाटा या मठाला लावून दिल्याची नोंद त्याच्या मराठी भागात आहे. ज्या ‘लीलावती’त शंकूच्या सावलीचे गणित आहे, तिचा अभ्यास गावच्या बाजारपेठेच्या आधाराने चालला होता.

आज मठाची गरज नाही. वाचनालयातील एक खोली, एक संगणक, एक मोठे टेबल आणि आठवड्यातून दोन तास देणारा एखादा निवृत्त शिक्षक किंवा कारागीर एवढे पुरेल. घरी शिकणारे मूल तेथे येईल आणि शाळेत जाणारेही येईल. मे महिना तोंडावर आहे. पहिल्या दिवशी काठी, ओळंबा आणि खडू एवढेच साहित्य लागेल.